हिरव्या कडेची डिस्क

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. हरसूलच्या बाजूला डोंगरातल्या एका शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणारे सर. आईवडिलांनी पोसलं, वाढवलं. पण भात झोडून झालं की ते द्राक्षाच्या बागांवर कामाला जायचे आणि मलाही बरोबर न्यायचे. आठवीच्या वर्षी सर घरी आले, अंगणातच उभे राहिले आणि आईला म्हणाले, "याला इथंच ठेवा. माझ्या खोलीत राहील."

आई म्हणाली, "तुमाला तरास नाय व्हायचा?"

"होईल. पण तो मी बघतो."

तीन हिवाळे मी त्यांच्या खोलीत काढले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तेव्हा सायखेड्याला, सासूसासऱ्यांजवळ असायच्या. सर स्वतः भात लावायचे आणि मला पाढे म्हणायला लावायचे. पुढे नाशिकच्या कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरला. त्याच्या झेरॉक्सवर वडिलांच्या अंगठ्याशेजारी सरांची सही आहे, ती प्रत मी अजून जपून ठेवली आहे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आज सातपूरला मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये नोकरी करतो. कारखान्यांतले मायक्रोमीटर, डायल गेज आमच्याकडे येतात. ते बरोबर माप दाखवतात की नाही हे आम्ही बघतो आणि तसं सर्टिफिकेट देतो. सर त्यामुळे मला 'मापाडी' म्हणतात.

हे सगळं आधी सांगितलं, कारण मी याच माणसाशी खोटं बोललो. दोन वाक्यांचंच होतं, पण त्याने मला पुढचे पंधरा दिवस एका जागी बसू दिलं नाही.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते आणि काकू पंचवटीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. शाळेत असताना सरांना एक नाद होता. आमच्याकडे थाळगाणं म्हणतात. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि तिच्यावरून बोटं खाली ओढत राहायची. थाळी घुमत राहते आणि त्या घुमण्यावर म्हातारी माणसं गोष्ट गात जातात. सर टेपरेकॉर्डर घेऊन पाड्यापाड्यांवर जायचे आणि हे भरून आणायचे. कॅसेट खराब व्हायला लागल्या तेव्हा त्यांनी शहरातल्या एका दुकानातून सगळ्यांच्या सीडी करून घेतल्या, प्रत्येकीच्या दोन-दोन. आता सगळ्या जगाने सीडी सोडली, तरी सरांच्या घरी प्लेअर आहे, आणि तो रोज चालतो.

महिन्याभरापूर्वी त्यांचा फोन आला. "मापाडी, रविवारी ये. एक प्रयोग आहे. कान घेऊन ये."

गेलो. सरांनी टीपॉयवर दोन डिस्क ठेवल्या होत्या. एकच रेकॉर्डिंग, दोन प्रती. एका डिस्कची बाहेरची कड त्यांनी हिरव्या मार्करने रंगवली होती, इतकी नीट की वहीला समास आखावा तसं वाटलं. रद्दीच्या दुकानात त्यांना ऑडिओवरचं एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं होतं, त्यात हे वाचलेलं. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, आठवीच्या वर्गात सांगायचे तसं, हाताच्या पंज्याची डिस्क आणि बोटाचा लेझर करून. प्लेअरमधला लेझरचा किरण फिरत्या डिस्कवरच्या बारीक खळग्यांवर पडतो आणि परत येतो. परत आलेल्या उजेडावरून यंत्र शून्य आणि एक वाचतं. पण थोडा उजेड भरकटतो. तो डिस्कच्या प्लास्टिकमधून कडेपर्यंत जातो, तिथून उसळतो आणि नको तिथे शिरतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत कुणी आरशाने कवडसा मारावा तसं. मग आवाज गढूळ होतो. लेझर तांबडा असतो, हिरवी शाई तांबडा उजेड गिळते, म्हणून कडेला हिरवं लावायचं.

"आधी साधी ऐक," म्हणून त्यांनी पहिली डिस्क लावली.

थाळी घुमायला लागली आणि मी कुठल्या कुठे गेलो. गाणारा म्हातारा आमच्याच खालच्या पाड्यावरचा होता.

"बघ," सर म्हणाले, "घुमतंय, पण वरचं गेलंय. काडीवरनं बोट उतरताना एक बारीक सळसळ असायची बघ. ती नाही. पूर्वी याच डिस्कवर होती."

मला सळसळ ऐकू येत होती. वाटलं, सर दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असतील.

आतून कुकरची शिट्टी झाली. मग थोड्या थोड्या वेळाने आणखी तीन. काकूंनी विचारलं, "अहो, किती झाल्या?"

"कशा किती?"

"शिट्ट्या. मोजा म्हटलं होतं ना."

"एकच झाली की."

"चार झाल्या," काकू बाहेर येऊन मला म्हणाल्या. "डाळीची पेज झाली असेल. घरात शास्त्रज्ञ बसवून हे असं होतं."

मी हसलो. सरही हसले आणि त्यांनी हिरव्या कडेची डिस्क लावली. डोळे मिटले. थाळी तशीच घुमली, सळसळ तशीच होती, म्हातारा तसाच खाकरला. सरांचा चेहरा मात्र उजळला. डोळे उघडून ते माझ्याकडे बघत राहिले.

"आली की नाही? फरक आहे?"

"हो सर. फरक आहे."

शाळेत सर "कळलं का?" म्हणाले की सगळा वर्ग "होऽऽ सर" म्हणायचा. कळलेलाही म्हणायचा, न कळलेलाही. तो होकार माझ्या तोंडात इतकी वर्षं तसाच तयार बसला होता.

"त्याला काय विचारता," काकू म्हणाल्या. "तो तुम्हाला नाही म्हणणार आहे का कधी?"

"तो मापाडी आहे," सर म्हणाले. "खोटं माप देत नाही."

मग त्यांनी टेबलावरून एक फुलस्केप कागद उचलला. त्यावर उद्देश, साहित्य, कृती असं सगळं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं. 'निरीक्षण' पुढे जागा सोडली होती. माझ्यासमोर त्यांनी ती भरली: "दोन श्रोत्यांपैकी दोघांनाही फरक स्पष्ट जाणवला. दुसरा श्रोता मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करतो." त्यांना आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. तिथे पोरांसमोर हा प्रयोग करून दाखवायचा होता. "तू पण चल," ते म्हणाले. "शेजारी उभा राहा. पोरांना कळू दे, इथनं शिकून माणूस कुठवर जातो."

निघताना त्यांनी दोन्ही डिस्क माझ्या हातात दिल्या. त्यांच्याकडे अशा आणखी जोड्या होत्या. "घरी बायकोलाही ऐकव," म्हणाले. जिना उतरताना मला त्या बॅगेत जड वाटत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून कामात लक्ष लागेना. डायल गेज ठोकळ्यावर ठेवायचा, काटा बघायचा, आकडा लिहायचा. हे काम मी झोपेतही करू शकतो. पण सर्टिफिकेटवर सही करताना हात थांबायचा. त्या कागदावर छापलेलं असतं की तपासणी प्रत्यक्ष केली आहे. दहा वेळा चहाला उठायचो, टपरीवर पोचून चहा न घेता परत यायचो. प्रदर्शनाला दोन आठवडे होते. तिथे शाळेचे नवीन विज्ञानाचे शिक्षक असणार, नव्या जमान्यातले. त्यांनी सगळ्यांसमोर एक साधा प्रश्न विचारला तर? आणि नाही विचारला, तर ते त्याहून वाईट. पोरं घरी जाऊन डिस्क नसली तरी हिरवा मार्कर आणतील आणि 'निरीक्षण' लिहितील.

मला जे माहीत होतं ते असं. डिस्कवर असतात शून्य आणि एक. वाचताना थोडी चूक झाली तर ती दुरुस्त करायची सोय त्यातच केलेली असते. चुका फारच झाल्या तर आवाज टक्क करतो, अडकतो, तुटतो. थाळीची सळसळ तेवढी काढून घेईल आणि घुमणं तसंच ठेवील, असं भरकटलेल्या उजेडाला करता येत नाही. मासिकात दुसराही एक मुद्दा होता: भरकटलेल्या उजेडाने भिंग सावरणाऱ्या मोटारीची धावपळ वाढते आणि त्या विजेची कुरकुर आवाजाच्या भागापर्यंत पोचते. हा मुद्दा मला तिथल्या तिथे खोडता येईना. म्हणून ठरवलं की वाद नको, करून बघू.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी बसलो. आधी दोन्ही डिस्क कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि फायली एकमेकींशी ताडून पाहिल्या. दोन्ही शेवटच्या शून्यापर्यंत सारख्या. मग डिस्कच्या जुन्या डबीचं पारदर्शक झाकण घेतलं, त्यावर हिरव्या मार्करचा जाड थर दिला, वाळू दिला आणि टीव्हीच्या रिमोटचं तोंड त्याच्याआड धरलं. रिमोटचा उजेडही तांबड्याच्या पलीकडचा असतो, डोळ्यांना न दिसणारा. प्लेअरचा लेझरही त्याच बाजूचा, जेमतेम दिसणारा. बटण दाबलं. चॅनेल बदललं. पुन्हा दाबलं, पुन्हा बदललं. शाई आमच्या डोळ्यांपुढे हिरवीगार, रिमोटला ती साधी काचच.

"मी मालिका बघत होते," बायको म्हणाली.

"दोन मिनिटं."

"तुमची दोन मिनिटं जेवणं झाल्यापासून चाललीत. बसा की एका जागी."

मग तिलाच कामाला लावलं. शेजाऱ्यांकडचा धूळ खात पडलेला प्लेअर मागून आणला होता. मी भिंतीकडे तोंड करून बसायचं, डोळ्यांना टॉवेल बांधायचा. तिने नाणं उडवायचं, छापा आला तर हिरवी डिस्क, काटा आला तर साधी. मी ऐकून सांगायचं, तिने कागदावर लिहायचं. वीस वेळा.

"सरांना हो म्हणालात तुम्ही," सातव्या-आठव्या खेपेला ती म्हणाली, "आणि उठबशा काढतेय मी."

वीसपैकी माझे नऊ बरोबर आले. नाण्यालाच विचारलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते.

टॉवेल सोडताना मला एकदम आमचा आठवीचा वर्ग आठवला. सरांनी टेबलावर पाण्याचे दोन तांबे ठेवले होते. म्हणाले, उजवीकडच्या तांब्यात चिमूटभर साखर विरघळवली आहे, दोन्ही चाखा आणि सांगा. पहिला हात माझा. "उजवीकडचं गोड आहे सर." मग सगळ्या वर्गाचे हात वर. सर म्हणाले, साखर कशातच नाही. कुणी हसलं नाही, आम्ही सगळेच त्यात होतो. सरांनी मला रागावलं नाही. फळ्यावर लिहिलं, 'जीभ सरांचं ऐकते', त्याखाली रेघ ओढली, आणि मग खिशातला रुमाल काढून एकेकाचे डोळे बांधून पुन्हा चाखायला लावलं. आज मी वापरलेली रीत त्यांचीच होती. मग ते ती कशी विसरले?

त्यांना तेवढंच विचारावं म्हणून फोन केला.

"सर, एक विचारायचं होतं, हिरव्या डिस्कबद्दल."

"हो हो, बस आहे ना, सातची. आपण साडेसहाला निघू."

"बसचं नाही सर. डिस्कचं."

"काकू ठीक आहे. बोल बोल."

मी दोन-तीनदा बोलून पाहिलं, नेटवर्कला दोष दिला आणि ठेवून दिला. बायको कागदाची घडी घालत होती. ती म्हणाली, "एक सांगू? ते डिस्कचं सोडा. सरांच्या कानांचं बघा."

मी उभा होतो तो खाली बसलो. चार शिट्ट्यांपैकी एक. फोनवरची ही गत. आणि सळसळ, जी मला दोन्ही डिस्कमध्ये ऐकू येत होती. सरांना घुमणं ऐकू येत होतं, बारीक वरचं तेवढं गेलं होतं. वयाबरोबर कानांचं आधी तेच जातं, हे पदवीच्या पुस्तकातही होतं. ते गेलं तेव्हा सरांनी विज्ञानाच्या माणसासारखं कारण शोधलं, आणि त्यांना डिस्कची कड सापडली. हिरवी शाई लावली की सळसळ परत आल्यासारखी वाटायची, कारण ती कशी होती हे त्यांना पाठ होतं.

आतापर्यंत मला भीती होती की सरांची चारचौघांत फजिती होईल. आता कळलं की खरं सांगायचं म्हणजे मला त्यांना सांगावं लागणार, तुमची डिस्क चांगली आहे. म्हणजे मग बिघडलंय काय, ते त्यांना एका क्षणात कळणार होतं.

मंगळवारी कामावरून सुटून तसाच पंचवटीला गेलो. समोरासमोर सांगायचं असं ठरवलं होतं. इमारतीच्या फाटकातच थाळी ऐकू आली, दुसऱ्या मजल्यावरून खाली. आवाज इतका मोठा की पहिल्या मजल्यावरच्या बाई दार उघडून वर बघत होत्या. मी अर्ध्या जिन्यात थांबलो. थोडा वेळ वाजलं, बंद झालं, पुन्हा तेच सुरू झालं, पुन्हा बंद. सर डिस्क बदलत होते. पुन्हा पुन्हा तेवढाच तुकडा. मला वाटलं, त्यांनाही शंका येत असेल. मला वाटलं, वर जावं. त्या बाईंनी विचारलं, "कुणाकडे?" मी "चुकून आलो" म्हणालो आणि खाली उतरलो. गोदावरीच्या पुलावर आलो, मध्यावर थांबलो, परत फिरलो, पुन्हा थांबलो. शेवटी एक जुडी मेथी घेऊन घरी गेलो, जणू त्यासाठीच निघालो होतो.

फोनवर सांगता येत नव्हतं. समोर उभा राहिलो की तोंडातून 'हो सर' येणार, हे मला माहीत होतं. राहिला कागद. बुधवारी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी हे पत्र लिहिलं आणि दोन्ही डिस्कसह पाकिटात घालून कुरिअरच्या दुकानात दिलं. मसुद्याची प्रत ठेवली होती, ती अशी:

गुरुवर्य सरांना नमस्कार.

तुमच्या कागदावरचं निरीक्षण चुकीचं आहे. चूक तुमची नाही, दुसऱ्या श्रोत्याची आहे. मला फरक ऐकू आला नव्हता. तुम्ही विचारलंत म्हणून मी हो म्हणालो. तुम्हाला आठवत असेल, तांब्यातलं पाणी गोड आहे असंही सगळ्यांत आधी मीच म्हणालो होतो.

त्यानंतर मी घरी तुमच्याच रीतीने करून पाहिलं. डोळे बांधून, नाणं उडवून, वीस वेळा. नऊ बरोबर. दोन्ही डिस्कमधली माहिती तंतोतंत सारखी आहे. शाईआडून टीव्हीचा रिमोट नीट चालतो, म्हणजे तसला उजेड ही शाई अडवत नाही. प्लेअरचा उजेड थोडा वेगळा आहे, त्यामुळे यावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. कुणालाच फरक ऐकू येणार नाही, असंही म्हणत नाही. मला आला नाही, एवढं नक्की.

सर, आता जे लिहायचं आहे ते मी तीन वेळा खोडलं. थाळीची सळसळ दोन्ही डिस्कमध्ये आहे. मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती, साध्या डिस्कवरसुद्धा. तुम्ही भरलेलं काहीही गेलेलं नाही, सगळं जागच्या जागी आहे. ती तुम्हाला ऐकू येत नसेल तर ते कानांचं आहे, आणि त्यावर इलाज असतो. मोजतात, आणि कानात घालायचं यंत्र कुठला आवाज किती कमी येतो ते बघून लावून देतात. तुमच्या मापाड्याचंच काम आहे ते, फक्त उपकरण वेगळं.

रविवारी सकाळी दहाला मी रिक्षा घेऊन येतो. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. तुम्हाला त्रास होईल, पण तो मी बघतो.

प्रदर्शनाला मी येणारच आहे. तुम्हाला चालणार असेल तर डिस्क घेऊन जाऊ आणि पोरांचे डोळे बांधून त्यांनाच ऐकवू. निरीक्षणाची जागा तोवर कोरी ठेवावी.

माझ्यावर रागवायचं असेल तर रविवारी रागवा. मी शेजारीच असेन.

आपला,
दुसरा श्रोता

ता. क. काकूंना सांगा, रविवारी कुकर लावला तर शिट्ट्या मी मोजतो.